दुसरी नजर

डॉक्टर इनामदार हसल्या आणि प्रफुल्ल खैरनारने नजर खाली वळवली.

"खैरनार सर, नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "मॅडमच्या नजरेत फरक पडायला लागून जेमतेम आठ महिने झालेत. औषधाला दोन वर्षांची मुदत असते. बहुतेक लोक माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा ती कधीच उलटून गेलेली असते. आपण येत्या गुरुवारी पहिलं इंजेक्शन देऊ."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको हेमांगी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून बसली होती. तिची पकड सैल झाली.

"म्हणजे थांबेल हे?"

"थांबेल. गेलंय ते परत येणार नाही, पण आहे ते राहील. पंधरा-वीस वर्षं तरी राहील."

"आणि मुदत उलटल्यावर दिलं तर?" प्रफुल्लने विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्याने आटोकाट प्रयत्न केला.

"तर द्यायचंच नाही. तोवर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ झालेल्या असतात. औषधाने रक्तस्राव होतो. सुरुवातीच्या काळात दोन पेशंटना असं दिलं गेलं होतं. दोघंही महिन्याच्या आत..." डॉक्टरांनी हात हलवून विषय झटकला. "तुमचा तो प्रश्नच नाही. तुमच्याकडे तर आठवड्याआठवड्याची नोंद आहे. इतका स्वच्छ रेकॉर्ड मी आजवर पाहिला नाही."

तो कोणी स्वच्छ केला होता, हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं.

जुन्नरच्या पुढे, माळावर, तारकागुच्छांचा अभ्यास करणारं एक लहानसं केंद्र आहे. आसपासच्या गावांतले लोक पोराबाळांना घेऊन दुर्बीण बघायला येतात आणि हिरमुसून परत जातात, कारण दुर्बीण तिथे नाहीच. दुर्बिणी अवकाशात आणि परदेशातल्या वाळवंटांत. इथे येतात ती त्यांनी टिपलेली चित्रं, शेजारच्या दीर्घिकांची. शेजारच्या म्हणजे दोन-चार कोटी प्रकाशवर्षांवरच्या. खगोलशास्त्रात याला शेजारच म्हणतात.

तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत. थंड वायूचा मोठा मेघ आकसतो आणि त्याच्या पोटात शेकडो-हजारो तारे एकदम पेटतात. हा तारकागुच्छ. त्यातले मोठे तारे भलते तापट. ज्या मेघात जन्मले त्यालाच ते आपल्या प्रकाशाने आणि वाऱ्याने हुसकून लावतात, आणि काही लाख वर्षांत आजूबाजूचा वायू निघून जातो. आता गंमत अशी, की गुच्छाला बांधून ठेवण्यात त्या वायूच्या वजनाचा मोठा वाटा असतो. वायू हळूहळू गेला तर ताऱ्यांना सावरायला वेळ मिळतो. गुच्छ थोडा सैल पडतो, पण टिकतो. एकदम गेला तर तारे पांगतात. किती टिकतात आणि किती पांगतात हे मोजण्यात हेमांगी आणि प्रफुल्लची तीस वर्षं गेली. ती गुच्छ बघे, तो वायूचे नकाशे करी. "गॅसवाले," ती पलीकडच्या टेबलावरून हाक मारी, "माझ्या या लेकराच्या आजूबाजूला काही शिल्लक आहे का बघा जरा."

गुच्छांची प्रतवारी डोळ्यांनीच करायची असते. गोल, घट्ट, तो एक नंबर. लांबुळका, तो दोन. चार-सहा ठिपके सैलसर एकत्र, तो तीन. आणि जो गुच्छच नाही, नुसता एखादा एकटा तारा, तो चार. हे काम यंत्रंही करतात, कोट्यवधींनी करतात. पण त्यांना शिकवायला माणसाची नजर लागते, आणि माणसाची नजर कधी कडक होते, कधी ढिली. म्हणून दर वीस चित्रांमागे एक जुनंच चित्र फिरवून, उलटं करून, न सांगता परत दाखवायचं. दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का, यावरून त्या माणसाच्या नजरेचं माप निघतं. हे माप काढणारा प्रोग्रॅम केंद्रातल्याच सॅम्युएल गायकवाडने लिहिला होता. तो गणिताचा माणूस, मूळचा नगरचा, आणि या दोघांचा पंचवीस वर्षांचा मित्र. प्रोग्रॅमला सगळे 'नजरमापक' म्हणत.

न जुळलेली चित्रं आधी दुसऱ्या माणसाकडे जात. त्या कामाचं नावच 'दुसरी नजर'. त्याच्यापुढे तीन बटणं असत: पहिलं उत्तर बरोबर, दुसरं बरोबर, किंवा 'चुकून दाबलं'. कधी शिंक येते, कधी बोट घसरतं, त्यासाठी हे तिसरं. ते दाबलं की ती चूक मापात धरली जात नसे. नियम एकच: ते दाबण्याआधी पाहणाऱ्याला विचारायचं.

हेमांगीची दुसरी नजर प्रफुल्ल होता. बायकोच्या चुका तपासायला नवऱ्याला बसवू नये, हे कुणालाही कळेल. पण केंद्रात माणसं सहा आणि खुर्च्या नऊ, तिथे हे शहाणपण सुचणार कुणाला?

दोन हजार एक्केचाळीस सालच्या गणपतीत एका आठवड्यात तिची तीन उत्तरं जुळली नाहीत. तोवर वर्षाला दोन-तीन होत. त्याने नियमाप्रमाणे तिला बोलावलं. पडद्यावर तीन नंबरचा साधासुधा गुच्छ होता, निळसर धुरकटात पाच ठिपके. तिने त्याला चार दिला होता.

"हा तर एकटा तारा आहे," हेमांगी म्हणाली. मग पुढे वाकली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे हो. आहेत की बाकीचे." तिचे कान लाल झाले होते. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं तर ती फटकन म्हणाली, "तू काय परीक्षा घेतोयस का माझी?" आणि मग डोळे पुसत बाहेर गेली. नवीन चष्म्याची सवय झाली नसेल, त्याने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं नाही. नुसतंच बटण दाबलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण सहज म्हणून जातो. मूठ दुसऱ्याची असेल तर ती झाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे ती म्हण सांगत नाही. प्रफुल्लने हे प्रेमापोटी केलं, यात शंका नाही. तिला अपमान सोसत नाही हे त्याला माहीत होतं. आपल्यालाही तिचं रडणं सोसत नाही, हे मात्र त्याने कधी कबूल केलं नाही.

त्रेचाळीसच्या जानेवारीत सॅम्युएलने सगळ्यांना सभागृहात बसवलं. जगभरातल्या सातशे पाहणाऱ्यांची मापं त्याने एकत्र केली होती. काहींच्या मापात त्याला एक विचित्र घसरण दिसली होती. ती माणसं कडक झाली नव्हती की ढिली झाली नव्हती. त्यांना एकटा ठिपका छान दिसत होता, पण अनेक ठिपके मिळून एक गोष्ट होते, हे दिसेनासं झालं होतं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला पुढे पाच-सहा वर्षांनी स्मृतिभ्रंश झाला होता. मेंदूचा मागचा भाग आधी जातो, सॅम्युएल म्हणाला, आठवणी नंतर. डॉक्टरांच्या कोणत्याही तपासणीच्या कितीतरी आधी हे नजरमापकाला कळतं. आणि आता औषधही येऊ घातलंय, पण ते दोन वर्षांच्या आत सुरू करायला हवं.

प्रफुल्ल पहिल्या रांगेत बसला होता. त्याने बोटांवर महिने मोजले.

दुपारी प्रत्येकाच्या हाती आपापला अहवाल आला. हेमांगीचा निष्कलंक. सॅम्युएलने सगळ्यांदेखत तिला सलाम ठोकला, म्हणाला, "पोलादी नजर!" घरी येऊन तिने साजूक तुपातला शिरा केला.

त्या दिवशी सोळा महिने झाले होते. मुदतीतले आठ अजून हातात होते. ती ओट्याशी उभी राहून बेदाणे टाकत होती, गुणगुणत होती, आणि त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की चोरी उघडी पडणार, तिचं काम संशयात जाणार, आणि हे तिचं गुणगुणणं थांबणार. उद्या सांगू, त्याने ठरवलं. त्याने शिरा दोनदा घेतला. उद्या त्याने सांगितलं नाही. पुढे पुढे तर सांगायला इतका उशीर झाला, की उशीर हेच न सांगायचं कारण होऊन बसलं.

पंचेचाळीसच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. दुसरी नजर म्हणून यंत्र बसलं, आणि यंत्राला कुणाच्या रडण्याचं काय? हेमांगीच्या चुका पहिल्यांदाच मोजल्या जाऊ लागल्या. दिवाळीत तर सगळं उघडच पडलं. वसुबारसेला तिने अंगणात कागदावरून ठिपके पाडले, अकरा ओळी, प्रत्येकीत अकरा, एकही वाकडा नाही. आणि मग चिमटीत रांगोळी धरून नुसती बसून राहिली. तो चहा घेऊन आला तेव्हा ऊन अर्ध्या अंगणात आलं होतं.

"कुठून सुरू करू रे?" ती म्हणाली. "मला एकच दिसतो. एका वेळी एकच."

असं करत ते डॉक्टर इनामदारांपर्यंत पोचले होते.

पुण्याहून परतताना नारायणगावला ते मिसळ खायला थांबले. हेमांगी खुशीत होती. टेबलावर ग्लास, प्लेटा, कांद्याची वाटी, लिंबं अशी गर्दी होती. त्यात तिला चमचा सापडेना. त्याने हातात दिला तेव्हा ती हसली.

"आठच महिने म्हणे. गॅसवाले, वाचले बघ मी! आता गुरुवारी ती निळी साडी नेसते, शुभशकुनाची."

तो हात धुवायला म्हणून उठला आणि मागच्या बाजूला जाऊन सॅम्युएलला फोन लावला.

"मूळ उत्तरं राहतात का रे कुठे? म्हणजे 'चुकून दाबलं' केलं की ती पुसली जातात?"

"नाही. खाली तशीच राहतात. वर नुसतं झाकण बसतं. का?"

"असंच," प्रफुल्ल म्हणाला.

"प्रफुल्ल," सॅम्युएल म्हणाला, "किती?"

"मोजली नाहीत."

पलीकडे बटणांचा आवाज आला. "चारशे बारा. पहिलं एक्केचाळीसच्या सप्टेंबरात." त्याचा आवाज फाटला. "अरे, तू पहिल्या रांगेत बसला होतास! मी तिला सलाम केला, तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास!"

"तिला वाईट वाटू नये म्हणून..."

"मी डॉक्टरांना काही सांगणार नाही," सॅम्युएल म्हणाला. "तू सांगशील. एकदा तरी सांग, बाबा."

प्रफुल्ल परत येऊन बसला. गप्प राहायचं, की बोलायचं? गप्प राहिला तर गुरुवारी ती निळ्या साडीत हसत जाणार, आणि महिन्याभरात त्या दोन पेशंटच्या वाटेने जाणार. बोलला तर जिवंत राहणार, पण रोज थोडी थोडी कमी होत. "तुझा पाव गार झाला," हेमांगी म्हणाली.

त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मागच्या पडवीत, चहाचे कप मध्ये ठेवून. काही वगळलं नाही. बटण, नियम, चारशे बारा हा आकडा, सगळं.

"म्हणजे माझी गुच्छांची सूची?" तिने आधी तेच विचारलं.

"चार वर्षांची काढून टाकावी लागेल. दरवेळी तीच चित्रं थोडीच येत होती. परत न आलेली, म्हणून कधी न तपासलेली, हजारो आहेत."

"ज्यांना मी चार दिला."

"हो."

"आणि आपण शोधनिबंधात छापलं की ते पांगले." तिने कप खाली ठेवला. "आणि औषध?"

"नाही देणार. मी फोन केला सकाळी."

अंगणात वसुबारसेचे ठिपके पुसट झाले होते. ती त्यांच्याकडे बघत होती; त्यातला कुठला एक तिला दिसत होता कोण जाणे.

"मी शिरा केला होता," ती म्हणाली. "तू दोनदा घेतलास."

"हेमा, तुला वाईट वाटू नये म्हणून गं मी..."

"मला वाईट वाटायचा हक्क होता, प्रफुल्ल!" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला हळूहळू कळलं असतं, तर मी सावरले असते. तीस वर्षं आपण हेच मोजत आलो ना? तू सगळं एकदम काढून घेतलंस. आणि वर म्हणतोस, माझ्यासाठी."

ती नऊ दिवस त्याच्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली, "गाळणं कुठाय?" राग गेला नव्हता. पण गाळणं डोळ्यांसमोर भांड्यांच्या गर्दीत होतं आणि तिला दिसत नव्हतं. अबोला धरायलाही माणूस धडधाकट असावा लागतो.

केंद्राने आपला निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. सॅम्युएलने ती सगळी चित्रं परत तपासून घेतली. जे गुच्छ पांगले म्हणून त्यांनी जगाला सांगितलं होतं, त्यांतले सहा हजारांवर जागच्या जागी होते. तिलाच ते दिसत नव्हते. शोधनिबंधावरून दोघांची नावं गेली. प्रफुल्लला त्याचं काही वाटलं नाही. तिचं नाव गेलेलं पाहून मात्र तो केंद्राच्या गाड्या लावतात तिथे भिंतीला टेकून रडला. ते सुधारायला आता कुठलं बटण नव्हतं.

दोन वर्षं गेली. आठवणीही निघाल्या, सॅम्युएलने सांगितलं होतं त्याच क्रमाने. भांडण गेलं, अबोला गेला, पडवीतली ती सकाळ गेली. एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात रुतून बसली होती.

"गुरुवारी इंजेक्शन आहे ना?" ती विचारी. महिन्यातून एखादी वेळ असेल, पण अगदी आशेने.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो, गुरुवारी." काय बिघडलं, आता कुणाला कळतंय? ती दिवसभर आनंदात होती. आणि गुरुवारी सकाळी सात वाजता निळी साडी नेसून, पर्स मांडीवर धरून, दाराशी खुर्चीत बसली. दुपारी दोनपर्यंत हलली नाही. "गाडी का काढत नाहीस?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. प्रफुल्लने शेवटी तिच्या पायाशी बसून पुन्हा सगळं सांगितलं.

तेव्हापासून ती जेव्हा विचारते तेव्हा तो सांगतो. बटण, सप्टेंबर, शिरा. दरवेळी ती पहिल्यांदाच ऐकते. कधी त्याचा हात झटकते. एकदा तिने कप फेकला होता. एकदा नुसतीच म्हणाली, "पण आपलं तर चांगलं जमायचं ना रे?" कप फेकलेला परवडला, असं त्याला झालं. शिक्षा म्हणून त्याने हे मान्य केलं आहे. पण शिक्षा दरवेळी तिलाही होते.

सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी तो तिला केंद्रात नेतो. सॅम्युएलने तिची जुनी खुर्ची ठेवली आहे. पडद्याची कशालाच जोडणी नाही. तिची उत्तरं कुठे जात नाहीत. हे तिला एकदा सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "असू दे. बघायला मिळतं ना?"

परवाच्या शुक्रवारी पहिलंच चित्र तीन नंबरचं होतं. निळसर धुरकटात पाच ठिपके, आणि कडेने प्रफुल्लने कधीकाळी नकाशात भरलेला वायू, लालसर, निघून चाललेला. हेमांगीने ते मन लावून पाहिलं आणि चार दाबला. मग मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"बरोबर ना रे?"

त्याची जीभ सवयीने 'हो'कडे वळली होती. त्याने ती आवरली.

"नाही हेमा. चुकलं. गुच्छ आहे तो."

"कुठे?"

त्याने तिचं बोट हातात घेतलं आणि पडद्यावर टेकवलं. हा एक. हा दुसरा. हा तिसरा. चौथ्यावर पोचेपर्यंत पहिला तिच्या नजरेतून निसटला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने बोट परत पहिल्यावर नेलं. तिने निमूटपणे नेऊ दिलं. चार वेळा ते त्या पाच ताऱ्यांवरून फिरले.

"तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली. मग कपाळाला आठी घालून, जुन्या हेमांगीच्या आवाजात, "मग मी दाबायच्या आधीच का नाही सांगितलंस?"

"भ्यालो होतो."

"इतक्याशा गोष्टीला?" ती म्हणाली, त्याच्या हातावर थोपटलं, आणि पुढचं चित्र लावलं.